दोन लाव्हांमधली सुट्टी

मुलाणी सरांनी पहिल्याच सहलीत मला दगड चाटायला लावला. मी भूशास्त्र विभागात नुकती रुजू झाले होते. अंगात इस्त्रीचा कुर्ता, डोक्यात ताजी एम.एस्सी., आणि समोर तिसऱ्या वर्षाची पोरं दात काढत उभी. सर म्हणाले, "मॅडम, जीभ लावा."

"सर, ही कसली माती आहे ते माहीत आहे मला."

"माहीत हाय म्हंजे वाचलंय तुमी. लावा जीभ."

लावली. त्या लाल दगडातली माती इतकी बारीक असते की ओल शोषून घेते आणि जीभ चिकटून बसते. सोडवताना टप्‌ असा आवाज झाला आणि अख्खा वर्ग खो-खो हसला. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे माझ्या घरात, विभागात आणि आमच्या नेरे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. परतीच्या बसमध्ये मी सरांशी एक शब्द बोलले नाही. बावधनला मी उतरायला लागले तेव्हा ते म्हणाले, "आता मरस्तवर विसरनार न्हाई तुमी." नाही विसरले. तो दगड आता राहिला नाही, सरही राहिले नाहीत. जिभेवरची चव तेवढी राहिली आहे.

चांदणी चौक ओलांडला की सरांची भाषा बदलायची. कॉलेजात ते 'आहे', 'नाही', 'अर्थात' असं छापील बोलत. बस एकदा पौडच्या रस्त्याला लागली की 'हाय', 'न्हाई', 'लई' सुरू. पोरांना त्याची मोठी गंमत वाटायची. मला वाटायची नाही, कारण घरी माझंही तेच होतं. सर मूळचे पौडचेच. बाजारात त्यांच्या वडिलांचं खिळे, पत्रे, दोरखंडांचं दुकान होतं, ते पुढे थोरले भाऊ हसनभाऊ चालवायचे. सर रविवारी गल्ल्यावर बसत. पीएच.डी. झालेला माणूस अर्धा किलो चुका, म्हणजे बारीक खिळे, मोजून देतोय, आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "मास्तर, जरा वरनं टाका की."

सर अंगानं किरकोळ. पायात कॅनव्हासचे बूट आणि त्यांना लेसऐवजी दुकानातली सुतळी. मी एकदा म्हटलं, "सर, बुटांना लेस मिळतात हो बाजारात." तर म्हणाले, "आमच्याच दुकानात मिळत्यात. पण सुतळी टिकते." खांद्याच्या पिशवीत टोमॅटो सॉसची रिकामी काचेची बाटली असायची, झाकणाला भोकं पाडलेली, पाण्यानं भरलेली. खडकावर शिंपडायला. "दगूड कोरडा असला की मुका असतो," असं म्हणायचे. ओला झाला की त्यातले कण, बुडबुडे, शिरा सगळं उठून दिसतं, हे खरंच आहे. अलीकडे सहल रमजानमध्ये यायला लागली होती. उन्हात, रोजा धरून, स्वतः घोटभर न पिता हा माणूस दगडाला पाणी पाजत फिरायचा. एका पोरीनं न राहवून विचारलं, "सर, तुम्हाला तहान नाही लागत?" म्हणाले, "लागती की. पण त्याची लई जुनी हाय."

आमचा वर्ग भरायचा तो उंबरवाडीच्या खाली. मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात डोंगराच्या उतारावर एक सपाट टप्पा आहे, त्यावर ही पाच-सात घरांची वाडी. टप्प्याच्या खाली काळ्या कातळाचा कडा, आणि कड्याच्या पायाशी भाताची खाचरं. कड्याच्या मधोमध, काळ्या आणि काळ्याच्या मध्ये, एक लाल पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. सर तिथं पोहोचले की आधी काहीच शिकवायचे नाहीत. "बसा. आधी बसा." पोरं खाचराच्या बांधावर बसायची, मोबाईल काढायची, कंटाळायची, मोबाईल आत ठेवायची. कुणीतरी मग आपणहून विचारायचं, "सर, ते लाल काय आहे?" की सर उठलेच.

"हा खालचा काळा दगूड म्हंजे पहिला तास. ज्वालामुखीचा लाव्हा आला, थंड झाला, तास संपला. वरचा काळा म्हंजे दुसरा तास. आणि हा लाल पट्टा म्हंजे मधली सुट्टी. लई मोठी सुट्टी, हजारो वर्सांची. दगडाची माती झाली, पाऊस पडला, काय-बाय उगवलं बी असंल. मग दुसरा लाव्हा आला आणि सुट्टीची भाजून वीट झाली."

मग बाटली निघायची. लाल मातीवर पाणी, आणि मग दोन बोटांनी चोळायला लावायचे. बोटं सुळकन घसरायची. "साबण," सर म्हणायचे. "आता वर बघा. वरचा कातळ ह्या साबणावर बसलाय आणि कातळावर आबांची वाडी बसलीया. मग घसरत का न्हाई? तर पुढनं ह्या कड्यानं टेकू दिलाय. कडा हाय तवर वाडी हाय." हा प्रश्न परीक्षेत हमखास असायचा. आमची पोरं पाठ करून यायची आणि पैकीच्या पैकी गुण घ्यायची.

आबा म्हणजे वाडीतले सगळ्यात वडीलधारे. खाली कड्याजवळची खाचरं त्यांची, वरचं पहिलं घर त्यांचं, बायजाक्का त्यांची कारभारीण. सुरुवातीला आबांना वाटलं होतं की हा माणूस पोरांना दगड चाटायला लावतो म्हणजे नक्की कसला तरी नवस असणार. पुढे सवय झाली. आम्ही आलो की आबा वरून अंगणातून ओरडायचे, "मास्तर! औंदा दगूड वाढला का?"

सर खालून कड्याला हात लावून, डोळे बारीक करून बघायचे आणि ओरडायचे, "व्हय आबा! केसभर!"

हा त्यांचा दरवर्षीचा पाठ. मग बायजाक्का चहाचं पातेलं घेऊन पायवाटेनं खाली यायची. एवढ्या पोरांना पुरायचा नाही, पण कपबशीभर सरांना आणि मला मिळायचाच. मी नेऱ्याची म्हटल्यावर तर काय, "नेऱ्याला आमची चुलत जाऊबाई हाय" इथपासून सुरुवात व्हायची. आमच्या नेऱ्यात आता शेताच्या जागी पोरांच्या खोल्या आणि इस्त्रीवाले झालेत. बायजाक्का विचारायची, "आन मग खाता काय गं तुमी?" मी म्हणायचे, "भाडं." ती पदराआड हसायची.

हातोडा न्यायला सरांनी बंदी केली होती. भूशास्त्राचा मास्तर आणि हातोडा नाही, म्हणजे न्हाव्याकडे वस्तरा नाही! इतर कॉलेजांचे लोक चेष्टा करत. पण एकदा एका उंची बूटवाल्या पोरानं पिशवीत लपवून आणलेल्या हातोडीनं कड्याच्या पोकळीतला स्फटिकांचा घोस काढला. हिरवट, काचेसारखा, सुंदर होता खरा. बसमध्ये तो मित्रांना दाखवताना सरांनी पाहिला. मला वाटलं आता फाडून खातील. तर म्हणाले, "छान हाय. आता असं कर, परीक्षेपर्यंत रोज माझ्या तासाला हा घेऊन यायचा, बाकावर ठेवायचा." बस्स. तो घोस वर्षभर त्याच्या पिशवीत होता. वही विसरला तरी चालायचं, दगड विसरायची सोय नव्हती. टोकं तुटली, चुरा झाला, पिशवीत पांढरी पूड. शेवटच्या तासाला बाकावर काय ठेवलं त्यानं? एक गोटा.  तो पोरगा आता कुठल्याशा परदेशी विद्यापीठात आहे आणि सर होते तोवर मला फोन करून त्यांचं विचारायचा.

मग आमच्याकडे नवा अभ्यासक्रम आला. वर मोठमोठे शब्द आणि आत कात्री. सहलींचे दिवस कमी, बसचा खर्च नको, विम्याची भानगड नको. बैठकीत एका शहाण्यानं सुचवलं की कड्याचं सगळ्या बाजूंनी चित्रण करून पडद्यावर दाखवू, पोरं वर्गात बसून कडा बघतील. सर कोपऱ्यात बसले होते. छापील मराठीत म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. जीभ कुठे लावायची तेवढं सांगा." सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

त्या दिवसापासून सरांनी जिओपार्कचा ध्यास घेतला. कडा, लाल पट्टा, खालच्या ओढ्यातले रांजणखळगे, पलीकडच्या टेकडीतली उभी काळी भिंत असा सगळा परिसर मिळून एक भू-उद्यान जाहीर व्हावं, विद्यापीठानं ते शिकवायच्या कामाला दत्तक घ्यावं, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या पोरांचं तिथं येणं अभ्यासक्रमातच बसेल. आणि दुसरं म्हणजे कडा तुटणार नाही. ही खरी भीती होती. दरवर्षी बस त्या रस्त्यानं जायची आणि दरवर्षी एखाद्या टेकडीला नवी कमान, नवं फाटक, 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे पाटी. फाटकाच्या मागे डोंगराचा लचका तोडलेला. सर खिडकीशी बसून बघायचे. निवृत्ती जवळ आली होती. मला म्हणायचे, "पोरी, मी गेल्यावर तू आनशील ना पोरांना? पन कडा तर पायजे ना."

मॅडमची पोरी मी कधी झाले ते मला कळलं नाही.

खेटे घातले, घातले, घातले. या कार्यालयातून त्या कार्यालयात. शेवटी एक समिती जागा बघायला यायचं ठरलं. आबांना सर सांगून आले, "तुमची जमीन तुमचीच राहनार. फकस्त कड्याला कुनी हात लावायचा न्हाई." आबा म्हणाले, "तुमी म्हंताय तर असंल." एवढ्यावर बोलणं झालं. मी होते तिथे. आबांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, पण समजलंय असंही नव्हतं. पार्क म्हणजे झोके आणि घसरगुंडी, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि इथं सरांनी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मला अजून राग येतो. समितीच्या कार्यालयातून फोन आला की बघायची ठिकाणं क्रमानं आखलेली हवीत, पाहुण्यांचा गोंधळ होता कामा नये. सरांनी हसनभाऊंच्या दुकानातून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला, एका रविवारी एकटेच गेले आणि कड्यावर, ओढ्यातल्या खडकांवर, बांधाजवळच्या धोंड्यांवर आकडे काढले. पांढरा गोल, आत आकडा, शेजारी बाण. वाडीत कुणाला हाक मारली नाही. लोक शेतात असतील, कशाला त्रास द्या, असं वाटलं म्हणे त्यांना.

अहो, मुळशीत! मुळशीत दगडावर पांढरा आकडा काढायचा!

बायजाक्काच्या सासूचं माहेर धरणाखाली गेलेलं. ती म्हातारी सांगायची की पाणी नंतर आलं, आधी आकडे आले. कोण कुठली माणसं येऊन धोंड्यांवर खुणा करून गेली, कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही विचारलं नाही, आणि मग देवळासकट गाव बुडालं. हे मला कुणी सांगितलं असेल? सरांनीच! दरवर्षी पौड ओलांडलं की बसमध्ये उभं राहून ते पोरांना ही गोष्ट सांगायचे. "ह्या खोऱ्यातल्या मान्साला दगडावर रंग दिसला की पोटात गोळा येतो," हे त्यांचं वाक्य. दुसऱ्याच्या रंगाबद्दल त्यांना सगळं कळत होतं. स्वतःच्या हातातला डबा मात्र त्यांना नुसता डबा वाटला.

बायजाक्कानं अंगणातून आकडे पाहिले. संध्याकाळी वाडी जमली. सरांना विचारायला कुणी गेलं नाही. का नाही गेलं, असं आमचे शहरातले लोक मला विचारतात. विचारायला गेलं की अंगठा मागतात, हे तिथलं शिक्षण आहे. जमिनी फिरवणारा एक एजंट बरेच दिवस वाडीत घिरट्या घालत होता. त्यानं सांगितलं, "पार्क म्हंजे फॉरेस्ट. गुरं बंद, लाकूड बंद, सात-बाऱ्यावर शिक्का. पर दगूडच न्हाई ऱ्हायला तर पार्क कशाचा करत्यात?" पोकलेनही त्यानंच आणला. फुकट आणला, कारण त्याला दगड हवाच होता.

समितीच्या दोन गाड्या आणि आमची बस सकाळी एकदमच पोहोचली. मी बसमधून आधी उतरले. कडा नव्हता. जिथं कडा होता तिथं डोंगराला नुसती जखम, आणि लाल माती खाचरभर पसरलेली, मिरचीपूड सांडावी तशी. ढिगाऱ्यात एका धोंड्यावर चारचा आकडा उलटा पडला होता. समितीतले एक साहेब रुमालानं बूट झटकत म्हणाले, "साइट पुढे आहे का?"

सर सगळ्यात शेवटी उतरले. त्यांनी पाहिलं. पोरांकडे वळले आणि सवयीनं म्हणाले, "बसा. आधी बसा." पोरं त्या धोंड्यांवर बसली. कुणी मोबाईल काढला नाही.

आबा हाताची घडी घालून ढिगाऱ्याशी उभे होते. सर त्यांच्यापर्यंत चालत गेले.

"आबा, ह्ये का?"

"तुमी आकडं टाकलं मास्तर. आमाला न इचारता."

"ते पोरांसाठी हुतं, आबा. शिकायला."

"धरणाच्या टायमाला बी पोरांसाठीच हुतं म्हनं. ईज येनार हुती, पोरं उजेडात अभ्यास करनार हुती. माझा बाप चिमनीवर मेला."

मागून वाडीतला एक तरणा काहीतरी बोलला, सरांच्या जातीधर्मावरून. आबा गर्रकन वळले. "थोबाड बंद कर. मुलानी आपल्याच खोऱ्यातला हाय. म्हनून तर ह्यो राग हाय. परक्याचा कशाला आला असता?"

 समितीच्या गाड्या वळल्या आणि गेल्या. मला वाटलं सर आता कोसळतात. पण ते वर बघत होते. उघड्या पडलेल्या लाल पट्ट्याकडे, त्यावरच्या कातळाकडे आणि त्यावरच्या घरांकडे.  मग ते बोलले, आणि ते बोलायला नको होतं असंही वाटतं, बोलले नसते तर काय, असंही वाटतं.

"आबा, वाडी खाली करा. पावसाच्या आधी."

आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "म्हंजे बायजा म्हनत हुती त्ये खरंच," ते म्हणाले. "आधी दगूड. आता घरं बी पायजेत."

सगळा उन्हाळा सर जात राहिले. निवृत्तीचा समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, त्या शालीची घडीही न मोडता दुसऱ्या दिवशी हे उंबरवाडीला. पौडहून मिळेल त्या वाहनानं जायचे, वाडीच्या वाटेवर उभे राहायचे, सांगायचे. टेकू गेलाय, पाणी मुरलं की पट्टा साबण होईल, निदान रात्रीचं तरी खाली झोपा. लोक पाठ फिरवायचे. बायजाक्कानं पाणी विचारलं नाही. बायजाक्कानं! सरकारी कचेऱ्यांतही सांगून आले. तिथं विचारलं, तुम्ही कोण? निवृत्त प्राध्यापक. बरं, कळवू. ज्या गोष्टीवर आमच्या पोरांनी वर्षानुवर्षं पैकीच्या पैकी मिळवले, ती ऐकून घ्यायला एक माणूस मिळाला नाही. मी चिडून म्हटलं, "सर, मरू द्या. त्यांनीच फोडलाय." आयुष्यात पहिल्यांदा सर माझ्यावर ओरडले. "पहिला आकडा कुनाचा? सांग ना! कुनाचा?"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते सांगायला आवडत नाही. आषाढात वाडी गेली. भरदुपारी, पाऊस जरा उघडल्यावर. आधी आबांचं घर, मग त्याच्या मागची. माणसं आदल्या संध्याकाळीच खालच्या गावच्या शाळेत गेली होती, म्हणून माणूस एकही गेलं नाही. खाचरं मात्र राड्याखाली गेली आणि ती परत खाचरं होणार नाहीत. वाडी आता रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहते. उन्हाळ्यात आत बसवत नाही आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. एजंट दुसऱ्या खोऱ्यात गेला. विभागात कुणीतरी सरांना म्हणालं की तुम्ही वाडी वाचवलीत, सत्कार करू. सर उठून निघून गेले. त्यानंतर ते कॉलेजात आले नाहीत. थंडीत, दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्याच गेले. हसनभाऊ म्हणाले, चुका मोजत होते. मातीला आबा आले होते. कब्रस्तानाच्या कडेला उभे राहिले, सगळ्यांचं झाल्यावर पुढे झाले, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता एसटीला गेले.

आम्ही आता पोरांना पडद्यावरच दाखवतो. ठरावातलं चित्रण कधी झालंच नाही, एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईलवर काढलेलं आहे, हलतं, धूसर. मध्येच सरांचा आवाज येतो, "लावा जीभ." नवी पोरं हसतात. तो तास मी घेत नाही, दुसऱ्या कुणाला तरी देते.

पण सर आठवतात ते वाडी जायच्या आदल्या दिवशीचे.

सकाळी सरांचा फोन आला होता. "आबांनी बोलावलंय. तुझी गाडी काढ." रस्त्यावर पाणी होतं, एसटी बंद होती. मी पौडला सरांना घेतलं. दुकानातून ते हातात काहीतरी पिशवीत गुंडाळून बाहेर आले. वाडीत पोहोचलो तर विहिरीचं पाणी लाल झालं होतं. आबांच्या घरात, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, शहाबादी फरशीला तडा गेला होता. बारीक होता, पण सरळ होता. आबा खांबाला धरून उभे, बायजाक्का भिंतीला टेकून. सर बूट काढून आत गेले. सुतळी भिजून फुगली होती, गाठ सुटेना, तेव्हा मी खाली बसून ती सोडवली. सरांनी पिशवी उघडली. पांढऱ्या रंगाचा तोच डबा.

 सर गुडघ्यांवर बसले, फरशी रुमालानं कोरडी केली आणि तड्यावरून आडवी एक पांढरी रेघ ओढली. अर्धी तड्याच्या अलीकडे, अर्धी पलीकडे. मग चुलीपाशी तशीच दुसरी. रेघा सरळ आल्या.

"आन आकडा?" आबा म्हणाले. "घाला की आकडा. आता लाजताय कशाला?"

"आकडा नगं, आबा."

"मग आता काय करायचं?"

"बसायचं," सर म्हणाले. "बसा. आधी बसा."

बसलो. ओटीवर सर आणि आबा, शेजारी शेजारी. मी दाराशी. पाऊस कौलांवर कोसळत होता. बऱ्याच वेळानं बायजाक्का उठली, चहा केला, आणि पहिला कप सरांपुढे ठेवला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. प्यायले नाहीत बराच वेळ, नुसता धरून बसले. मला रडू आवरेना म्हणून मी बाहेर बघत राहिले.

दुपार कलली तेव्हा सर आत गेले. रेघेपाशी वाकले, डोळे बारीक केले, कड्याला हात लावून बघायचे तसेच. अलीकडची अर्धी रेघ जागेवर होती. पलीकडची खाली सरकली होती. मधल्या फटीत सरांनी बोट घातलं.

आबा खांबाला धरून उभे राहिले. "वाढला का, मास्तर?"

 बोट तसंच फटीत ठेवून सरांनी वर पाहिलं.

"व्हय, आबा," ते म्हणाले. "बोटभर."

आबांनी एकदा आढ्याकडे पाहिलं, एकदा चुलीकडे. मग आत वळून हाक मारली, "आगं ये, आधी देव काढ."